दवाखान्याचं दही

दूध कोमट झालंय का, हे जयश्रीने करंगळी बुडवून पाहिलं आणि शेजारच्या मालूताईंच्या वाटीतलं चमचाभर विरजण त्यात हलक्या हाताने फिरवलं. संध्याकाळचे सहा वाजले होते. करंजवड्यातल्या निम्म्या घरांत या वेळेला हेच काम चालू असतं. फरक एवढाच, की जयश्रीने आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. दही लावायला दार लोटून घेणारी बाई गावात ती पहिलीच असेल.

हे दही साधं नव्हतं. गावात त्याला दवाखान्याचं दही म्हणत. सरकारी कागदावर त्याचं नाव 'निर्मद'. त्यातल्या जिवाणूंना प्रयोगशाळेत एक नवीन विद्या शिकवलेली होती. माणसाच्या आतड्यात ठाण मांडून बसायचं आणि पोटात येईल ती दारू रक्तात जाण्याआधीच खाऊन टाकायची. खाऊन त्याचं आंबट पाणी करायचं, म्हणजे जवळजवळ शिरकाच, व्हिनेगर म्हणतात तो. माणसाने क्वार्टर घेवो नाहीतर खंबा, डोक्यात काही चढत नाही. चढतच नाही म्हटल्यावर किती दिवस पिणार? दारू सोडलेला माणूस पुन्हा घसरू नये म्हणून काढलेला हा उपाय, आणि उपाय खरंच गुणाचा होता.

त्याला नियम होते. दही फक्त सरकारी दवाखान्यातून मिळायचं, चांदीच्या कागदाने बंद केलेल्या कपात, ज्याच्या नावाचं कार्ड असेल त्यालाच. कार्ड मिळायला माणसाने स्वतः येऊन सही करायची, सात दिवस भरती व्हायचं, मग पहिला कप. आणि कुणी घरी त्याचं विरजण लावू नये म्हणून शास्त्रज्ञांनी त्या जिवाणूंना एका बनावट साखरेची अशी सवय लावली होती, की ती मिळाली नाही तर तीन दिवसांत सगळे मरून जावेत. तिला ते किल्ली-साखर म्हणत. ती फक्त कपात असायची, बाहेर कुठेच नाही.

हुशार माणसं ती, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्यातला एकही जण मालूताईंच्या घरी जेवलेला नव्हता. कपाच्या तळाला राहिलेलं चमचाभर दही नळाखाली धुऊन टाकायचं, हे त्या बाईच्याने होणार होतं काय? त्यांच्या नवऱ्याला, दत्तोबांना, वर्षभर आठवड्याला सात कप मिळाले, आणि वर्षभर मालूताई प्रत्येक कपाचा तळ दुधाच्या पातेल्यात विसळत राहिल्या. आधी नुसतंच साधं दही लागायचं. पण लाखांत एखादा जिवाणू असा निघत गेला, की किल्ली-साखरेवाचून ज्याचं अडेना. साध्या दुधावर तो जगला, वाढला. मालूताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. कार्ड संपल्यावर तीन महिन्यांनी दत्तोबा मेव्हण्याच्या लग्नात मित्रांच्या आग्रहाला बळी पडले, चार पेग प्याले आणि आंबट ढेकर देत सरळ चालत घरी आले, तेव्हा मालूताईंच्या लक्षात आलं की आपल्या घरचं दही पण चालतंय.

"अगं, घेऊन जा की वाटीभर," त्या जयश्रीला कुंपणाच्या भिंतीवरून म्हणाल्या होत्या. "चमचाभर लागतंय. कुणाला कळतंय?"

"पण मालूताई, दवाखान्यात आधी सात दिवस ठेवतात ना?"

"ठेवतात. नुसतं झोपवून ठेवतात. सलाइन लावायची, गोळ्या द्यायच्या. सरकारी काम म्हटल्यावर आठवडा जायचाच. आमच्या ह्यांनी सातही दिवस घोरण्यात घालवले बघ."

खरा उपचार ते सात दिवसच होते. दत्तोबा घोरत होते ते औषधामुळे. पण मालूताई बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसायच्या. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे सांगून ठेवलेलं बरं.

जयश्रीचा नवरा संग्राम चांदीचा कारागीर. करंजवडे हे चांदीचंच गाव. साध्या साखळ्या आता मशिनी विणतात, पण लग्नातले भरघोस घुंगरांचे पैंजण अजून हातानेच जोडावे लागतात, आणि त्यात संग्रामसारखा हात पंचक्रोशीत नव्हता. मोहरीएवढी कडी चिमट्यात धरून तो गॅसच्या बारीक ज्योतीवर अशी जोडायचा की सांधा भिंगातून शोधावा लागे. तेवढा स्थिर हात राहण्यासाठी त्याला सकाळी आठ वाजता एक क्वार्टर लागायची. ती घेईपर्यंत चहाची बशी धरता यायची नाही. दुपारी दुसरी, संध्याकाळी दोन. अठरा वर्षं झाली.

तो कधी गटारात पडला नाही, बायकोवर हात टाकला नाही, कामाचा एक दिवस बुडवला नाही. आणि हेच जयश्रीच्या मुळावर आलं होतं. कारण बोलायला गेलं की तो हेच तीन मुद्दे बोटांवर मोजून दाखवायचा. पण गेल्या वर्षभरात त्याचे डोळे पिवळट झाले होते. घोट्यांवर सूज यायची, बोटाने दाबलं की खड्डा पडायचा. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. तळपाय इतके बधिर, की एकदा चांदीचा तापलेला तुकडा पायाखाली आला आणि कातडी जळाल्याचा वास आल्यावर त्याला कळलं. तपासणीत यकृत टणक होत चालल्याचं निघालं. तो कागद त्याने घडी घालून देव्हाऱ्यामागे ठेवला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

दारू सोडायला दवाखान्यात येता का, असं जयश्रीने दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा तो म्हणाला, "मी काय बेवडा वाटलो काय गं तुला?" दुसऱ्यांदा तिने दवाखान्यातल्या सिस्टरलाच घरी आणलं. संग्रामने सिस्टरला चहा पाजला, हसून बोलला, वाटेला लावलं आणि आठ दिवस बायकोशी शब्द बोलला नाही. तिसऱ्यांदा विचारायची तिला हिंमत झाली नाही. मुलगी ऋतुजा नोकरीला बंगळुरूला, दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलेलं. त्या मांडवात बापाने ताठ उभं राहावं, एवढीच तिची इच्छा होती. तेवढ्यात भिंतीवरून वाटी आली.

रविवारी दुपारी तिने दहीबुत्ती केली. वर लाल मिरचीची फोडणी, कोथिंबीर. संग्रामने दोनदा मागून घेतली. रात्री ताक, सोमवारी कोशिंबीर. दही जरा जास्त आंबट लागत होतं, पण तो म्हणाला, "आज जमलंय बघ."

मंगळवारी दुपारी तो तणतणतच घरी आला. "तो गुत्तेवाला पाणी मिसळायला लागला! तिघांदेखत झापला त्याला. तीन क्वार्टर मारल्या, गार पाण्यागत गेल्या."

जयश्री पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. काळजात असं काही लख्ख झालं, की तिला हसू आवरेना. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या संध्याकाळी कित्येक वर्षांनी संग्राम शुद्धीत घरात बसला होता. करायला काही नाही म्हणून तो तिच्याजवळ येऊन लसूण सोलायला लागला. ऋतुजाच्या पैंजणांविषयी बोलला. मोराची कडी करणार होता, मोराच्या तुऱ्यात एकेक घुंगरू. "तुझ्या लग्नात करायचे होते तसले," तो म्हणाला. "तेव्हा हात तयार नव्हता." जयश्री त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस होता तरी कुठे इतकी वर्षं? लसूण सोलताना त्याची बोटं थरथरत होती आणि कपाळावर घाम होता. ते तिला दिसलं नाही असं नाही. दारू उतरतेय, एवढंच तिला वाटलं, आणि तिने देवापुढे साखर ठेवली.

बुधवारी सकाळी त्याला बशीच काय, गडवाही धरता येईना. एक क्वार्टर घेतली, दुसरी घेतली, तिसरी ओकला. घामाने बनियन चिंब. छातीत धडधडतंय म्हणाला. दार वाजलं तरी दचकायचा. जयश्रीने भिंतीवरून मालूताईंना हाक मारली.

"होतंय तसं," मालूताई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. "दोन दिवस सोस. विष बाहेर पडायलंय."

गुरुवारी सकाळी जयश्री अंगण झाडून आत आली, तर संग्राम फरशीवर उकिडवा बसून काहीतरी वेचत होता. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायचा, डाव्या तळहातावर ठेवायचा. तळहात मोकळा होता.

"काय सांडलंय?"

"घुंगरं. आंधळी हाईस काय? सगळीकडं सांडल्यात. पाय देऊ नकोस."

मग तो पाटावर जाऊन बसला आणि काम करायला लागला. हातात चिमटा नाही, पुढ्यात गॅस नाही, चांदीचा कण नाही. हवेत कडी धरायची, ज्योतीवर न्यायची, फुंकर घालायची, पुढची कडी. हात थडथड उडत होते तरी क्रम एकही चुकत नव्हता. "ऋतूचं राहिलंय," तो म्हणत होता, "दारात मांडव पडला, अजून ऋतूचं राहिलंय." जयश्री त्याच्यासमोर बसून रडायला लागली. तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमारास त्याचं अंग ताठ झालं, डोळे पांढरे झाले आणि तो पाटावरून कोसळला.

जवळ पडतो म्हणून गावातल्या खाजगी दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्या तोंडाला भपकन वास येत होता. सकाळपासून त्याने पाचव्यांदा प्यायचा प्रयत्न केला होता ना. तिथल्या डॉक्टरने नाक मुरडलं. "किती प्यालेत?"

बोलायची वेळ तीच होती. जयश्रीच्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण बिनकार्डाचं दही घालणं गुन्हा आहे, असं पोस्टर तिने पाहिलं होतं. शिवाय बाहेर गावची चार माणसं उभी होती. ती म्हणाली, "आज जरा जास्तच झाली."

"मग उतरेल सकाळपर्यंत," डॉक्टर म्हणाला आणि साखरेचं सलाइन लावून दुसऱ्या पेशंटकडे गेला. एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. अठरा तास.

शुक्रवारी सकाळी त्याचे डोळे तिरळे झाले होते आणि तो बायकोला ओळखत नव्हता. तेव्हा कुठे रुग्णवाहिका बोलावून त्याला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हलवलं. तिथे डॉ. शबनम मुजावर होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत शिरेतून बी-वनचं इंजेक्शन दिलं, झटके थांबवायचं औषध दिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला तेव्हा त्या कागद हातात धरून जयश्रीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, काल यांनी दारू घेतली होती?"

"व्हय."

"आदल्या दिवशी?"

"ती पण."

"खाजगीवाल्यांनी काल दाखल करताना काढलेला नमुना बरोबर पाठवलाय. तोंडाला वास येत असताना काढलेला. त्यात दारू शून्य आहे. असं निर्मद घेतलेल्या माणसाचंच होतं. आणि यांचं नाव माझ्या यादीत नाही."

जयश्रीने वळून दाराकडे पाहिलं, बाहेर पोलीस आहे का म्हणून.

"मी पोलीस नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या. "मला फक्त एवढं कळू द्या, दारू रक्तात पोचायची कधी बंद झाली. त्यावर पुढचे दोन दिवस ठरणार आहेत. माझा झटक्यांचा अंदाज चुकला तर माणूस हातचा जाईल."

मग तिने सांगितलं. रविवारची दहीबुत्ती, ताक, कोशिंबीर, सगळं. सांगताना ती पदर तोंडात धरून होती, त्यामुळे डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं. मालूताईंचं नाव मात्र तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतलं.

डॉ. मुजावर शेजारच्या स्टुलावर बसल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर जयश्रीला सोपं गेलं असतं.

"दारूनं मरतात हे ऐकलं होतं, डॉक्टर. मिळाली न्हाई म्हणून पण मरतात?"

"रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम तुटली, तर हो. बघा, दारू मेंदूला दाबत असते. रोज दाबते म्हटल्यावर मेंदूही आपला जोर वाढवत नेतो, तोल राहावा म्हणून. ब्रेक दाबलेला आणि एक्सिलरेटरही दाबलेला, अशी गाडी अठरा वर्षं चाललीय. तुम्ही ब्रेक काढून घेतलात. एक्सिलरेटर तसाच राहिला. मग हात कापतात, घाम फुटतो, झटके येतात, नसलेलं दिसतं."

"मालूताई म्हणाल्या सात दिवस नुसतं झोपवतात."

"झोपवतो. दारूच्या जागी औषध देतो आणि ते रोज थोडं थोडं कमी करत आणतो. मेंदू हळूहळू खाली उतरतो. दह्याशिवाय नुसती सोडवायची तर सगळ्यांना भरती व्हावं लागतं असं नाही, काहींना घरी ठेवूनही करता येतं, पण कुणाला कुठे, हे तपासून ठरवायचं असतं. दही त्याच्यानंतरचं. आधी नाही."

"आणि ते सलाइन?"

"पिणाऱ्याचं जेवण तुटतं. बी-वन जीवनसत्त्व अंगात उरतच नाही. अशा माणसाला आधी बी-वन न देता साखर चढवली, की होतं नव्हतं तेही ती साखर पचवण्यात संपतं. मेंदूत आठवणी ठेवणारा भाग त्याच्यावाचून मरायला लागतो. त्यांनी द्यायला हवं होतं. पण त्यांना वाटलं, हा नुसता प्यालेला माणूस आहे."

"मीच तसं सांगितलं," जयश्री म्हणाली.

त्याच दुपारी तालुक्याहून सरकारी रुग्णालयाची गाडी करंजवड्यात आली. मालूताईंनी सिस्टरांची वाट पाहिली नव्हती. त्या अनवाणी, केस सुटलेल्या, दारोदार फिरत होत्या. कुणाकुणाला विरजण दिलं ते त्यांना तोंडपाठ होतं, अकरा घरं, आणि त्या अकरा घरांनी पुढे कुणाला दिलं तेही विचारत सुटल्या होत्या. "ओता ते," ओरडत होत्या, "माझ्या डोळ्यांदेखत ओता. आणि पिणारा असेल त्याला दवाखान्यात घाला, आत्ताच्या आत्ता!" आणखी दोन पुरुष कापत अंथरुणात सापडले. दोघांनाही वेळेवर नेलं, दोघेही वाचले. त्यांतला एक आज सही करून, रीतसर कार्ड काढून, दारूपासून लांब आहे. आठवड्याने शहरातून शास्त्रज्ञ आले. मालूताईंच्या फडताळातलं पातेलं त्यांनी बर्फाच्या पेटीत ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही नेमकं केलंत काय?" मालूताई म्हणाल्या, "काय करणार? दूध तापवलं, निववलं, विरजण लावलं." आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

संग्राम वाचला. तेविसाव्या दिवशी घरी आला. हात स्थिर, डोळ्यांचा पिवळेपणा उतरलेला, चेहऱ्यावर तेज. बघणारा म्हणेल, किती छान झाली तब्येत! फक्त त्याच्या डोक्यात नवीन काही टिकत नव्हतं. दहा मिनिटं, फार तर पंधरा. मागची वर्षंही मधून मधून पुसली गेली होती. ऋतुजा त्याच्या लेखी आठवीत होती. तिचं लग्न झालं, तो मांडवात ताठ उभा राहिला, अक्षता टाकल्या, आणि संध्याकाळी त्याने विचारलं, "ही नवरी कुणाची गं? आपल्या ऋतूसारखी दिसते." पैंजण त्याने जोडायला घेतले होते. हात सगळं विसरला नव्हता. पण कितवी कडी, कुणासाठी, हे मध्येच सुटायचं आणि तो पहिल्यापासून सुरू करायचा. जयश्रीने ते तसेच अर्धवट डबीत घालून मुलीला दिले.

रोज सकाळी चहा पिताना तो आपले हात उलटसुलट करून बघतो. आणि मग विचारतो, "जया, माझे हात कापत नाहीत. दारू सुटली काय माझी? कशी सुटली?"

आणि रोज ती सांगते. सगळं सांगते, दही, सलाइन, तिने मारलेली थाप. एके दिवशी तो रडला. एके दिवशी त्याने कपबशी भिंतीवर फेकली आणि तिला घरातून चालती हो म्हणाला. एके दिवशी हसत सुटला, "तू मला दह्यातून गंडवलंस? भले शाब्बास!" एके दिवशी त्याने नुसता तिचा हात धरून ठेवला. पंधरा मिनिटांनी सगळं साफ. ना राग उरला, ना माफी.

डॉ. मुजावर तिला म्हणाल्या होत्या, "कशाला सांगता, वहिनी? त्यांना रोज नवा धक्का. देवाच्या कृपेने सुटली म्हणा की."

"एकदा त्यांना न विचारता केलंय मी," जयश्री म्हणाली. "आता परत न्हाई करणार."

आजही तिने सांगितलं. तो चहाचा कप खाली ठेवून बराच वेळ अंगणाकडे बघत होता. रागावला नाही, रडला नाही.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

असं तो याआधी कधी म्हणाला नव्हता. जयश्रीने मान वर केली. "दोनदा विचारलं होतं."

"तिसऱ्यांदा विचारायचं होतंस."

"तुम्ही हो म्हणाला असता?"

"मला काय ठाऊक?" त्याने खांदे उडवले. "आता विचारून बघ की."

ती चेष्टा नव्हती. तो तिच्याकडे सरळ बघत होता, स्वच्छ डोळ्यांनी, जसा लसूण सोलताना बघत होता. जयश्रीने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"दारू सोडायला दवाखान्यात येता का माझ्याबरोबर?"

"येतो," संग्राम म्हणाला.

तो उठला. खुंटीवरचा सदरा घातला, बटणं नीट लावली, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. जयश्री अजून पाटावरच होती. आता गरज नाही, तुमची कधीच सुटली, असं तिला म्हणता आलं असतं. आत्ताच तर तिने ते सांगितलं होतं. पण त्याच्या डोक्यातून ते उतरलं होतं, आणि जे राहिलं होतं ते एवढंच, की बायकोने विचारलंय आणि आपण हो म्हटलंय.

"चल की, जया," तो उंबऱ्यातून म्हणाला. "मी हो म्हणतोय तोवर चल."

तिने डोळे पुसले, दाराला कडी घातली आणि त्याच्याबरोबर निघाली. गावातला सरकारी दवाखाना चालत पंधरा मिनिटांवर होता. तिथे पोचेपर्यंत त्याला आठवेल का, की आपण कशासाठी निघालो आहोत?